दोन वर्षं पळालो आणि अडलो एका मिनिटावर

आमच्या सातारा जिल्ह्यात पहाटे पाचला कुठल्याही डांबरी रस्त्यावर गेलात तर भरतीची पोरं पळताना दिसतील. मीपण त्यातलाच. आबा, म्हणजे माझे वडील, मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे फौज घरातच होती, पण ऑफिसर व्हायला बारावीनंतर एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, खडकवासला) नावाची वेगळी वाट असते हे मला दहावीत कळलं. गावात तर अजूनही विचारतात, भरती झाला का रे पोरगा?

दहावीनंतर संभाजीनगरच्या एसपीआयची परीक्षा दिली होती. सरकारी संस्था आहे, 1977 पासूनची, अकरावी-बारावी करता करता एनडीएची तयारी करून घेतात. मुलाखतीपर्यंत गेलो आणि तिथेच संपलं. मग साताऱ्यातच सायन्स घेतलं आणि घरून तयारी सुरू केली.

लेखी परीक्षेचं फार सांगत नाही. यूपीएससी वर्षातून दोनदा घेते, गणित 300 मार्कांचं, जीएटी म्हणजे इंग्रजी आणि सामान्य ज्ञानाचा पेपर 600 चा, दोन्हीला अडीच अडीच तास आणि चुकलं की एक तृतीयांश मार्क कट. लोक 900 ऐकून घाबरतात पण कटऑफ साधारण तीनशे-साडेतीनशेच्या आसपास असतो, म्हणजे सगळं सोडवायच्या नादात तुक्के मारणारे मरतात. मी जुने पेपर घड्याळ लावून सोडवले, गणितात येतं तेवढंच सोडवलं, इंग्रजीचे 200 मार्क होते त्यासाठी रोज पेपर मोठ्याने वाचायचो (आईला वाटायचं पोरगं बातम्या द्यायला जाणार). बारावीत असतानाच, सप्टेंबरच्या लेखीत पास झालो. मला वाटलं झालं, आता काय, पळणं तर आपलं जोरात आहे.

आता गंमत ऐका. लेखीनंतर एसएसबी असते, म्हणजे ऑफिसर निवडायच्या पाच दिवसांच्या चाचण्या आणि मुलाखत, आणि तिथे तुमचं पळणं कोणी मोजतच नाही. दोन वर्षं मी सोळाशे मीटरचा टायमिंग कमी करत बसलो होतो, तो अग्निवीर भरतीत लागतो, इथे नाही.

पहिली एसएसबी भोपाळ. झेलम एक्सप्रेसने गेलो. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग असतं, आधी बुद्धिमत्तेचे प्रश्न आणि मग एक धूसर चित्र 30 सेकंद दाखवतात, त्यावर चार मिनिटांत गोष्ट लिहायची आणि मग गटात बसून एका मिनिटात ती इंग्रजीत सांगायची. लिहिली मी बरी. पण माझा नंबर येईपर्यंत पुढच्या चार पोरांनी असं फाडफाड इंग्रजी झाडलं की माझी गोष्ट मनातल्या मनात मराठीत गेली आणि परत आलीच नाही. वीस सेकंद बोललो असेन, नंतरच्या चर्चेत तर एक शब्द नाही. संध्याकाळी परतीच्या गाडीत. आबा एवढंच म्हणाले, भाडं मिळालं ना? मिळालं होतं, पहिल्या वेळी थर्ड एसीचं मिळतं. त्याच प्रकारच्या भरतीसाठी परत गेलं की नाही.

मग केली चूक. एका शहरात क्लास लावला, फी ऐकून आईने मान खाली घातली. तिथे उत्तरंच पाठ करून घ्यायचे. जंगलात आग लागली तर काय कराल, सगळ्या पोरांचं एकच उत्तर. छंद काय, तर वाचन आणि ट्रेकिंग. माझा खरा छंद काय होता तर काही नाही, चार म्हशी आणि डेअरीच्या फेऱ्या. दुसऱ्या एसएसबीत स्क्रीनिंग पार केलं कारण बोलायची भीती गेली होती (ते क्रेडिट क्लासला देतो), पाच दिवस राहिलो, साठ शब्द पंधरा पंधरा सेकंदांत, साठ प्रसंग अर्ध्या तासात, ग्राउंडवर फळ्या-दोरांची टास्क, सगळं. इंटरव्ह्यूत साहेबांनी शेवटचं पुस्तक कोणतं वाचलं विचारलं. नाव सांगितलं. मग त्यात काय आवडलं विचारलं आणि मी क्लासच्या नोट्समधलं वाक्य बोललो. ते हसले पण नाहीत, पुढच्या प्रश्नावर गेले. शेवटच्या दिवशी सगळ्या साहेबांची कॉन्फरन्स होते आणि मग निवडलेल्यांचे चेस्ट नंबर (छातीवर लावलेले नंबर) पुकारतात, त्यात माझा नव्हता.

तिसऱ्या वेळी क्लास नाही. घरी आरशासमोर पण नाही, लाज वाटते हो. डेअरीत दूध घालायला येणारे एक रिटायर मास्तर होते, त्यांच्याशी रोज रस्त्याने येता जाता इंग्रजीत बोलायचो, मोडकं तोडकं, ते फक्त हुं हुं करायचे. फॉर्ममध्येही यावेळी म्हशी लिहिल्या. इंटरव्ह्यूत साहेब तिथेच अडकले. दुधाला दर कसा ठरतो? मी सांगितलं फॅट आणि एसएनएफवर (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ). पाणी घातलं तर कळतं का? कळतं सर, लॅक्टोमीटरवर डिग्री उतरते. मग कोण घालतं? म्हटलं सर, नाव सांगितलं तर गावात राहता येणार नाही. पहिल्यांदा हसले. मला आठवतंय मी किती वेळ बोललो ते कळलंच नाही आणि व्याकरणाचा तर पार चुराडा झाला होता.

नंबर पुकारला. सतरा. मला आधी वाटलं चुकून वाचला.

पण मेडिकलने परत रडवलं. टेम्पररी अनफिट. कारण काय, तर कानातला मळ! पाच दिवस मिलिटरी हॉस्पिटलमध्ये डोळे, दात, गुडघे, कोपर सगळं तपासून घेतलं आणि अडलो मळावर. जाणाऱ्यांनो, आधी ईएनटीकडे जाऊन कान साफ करून घ्या, साताऱ्यात दहा मिनिटांत झालं माझं. रिव्ह्यूला फिट लागलो. मग मेरिट लिस्ट लागेपर्यंत आई रोज मोबाइल माझ्या हातात देऊन म्हणायची, बघ लागली का, आणि मी म्हणायचो, आई ती यूपीएससी आहे, लाईट बिल नाही.

लिस्ट लागली. गावात आता सगळे म्हणतात बाप पोराला सॅल्यूट ठोकणार. आबांना ते अजिबात आवडत नाही, विषय बदलतात. खडकवासल्याला जायच्या आधल्या रात्री त्यांनी त्यांची फौजेतली जुनी ट्रंक काढली, काळा रंग मारला, स्वतःचं नाव खरवडून काढायला बसले. मी म्हटलं राहू द्या. म्हणाले, नको, दोन नावं असली तर सामान हरवतं. पण झाकणाच्या आतलं त्यांनी तसंच ठेवलंय, मी तिथे जाऊन पाहिलं.