तुम्ही विचारलंत म्हणून: संग्रहालयात आपल्या घरचं काय असणार?

शाळेतली पोरं घेऊन मी दरवर्षी एखादं संग्रहालय गाठते आणि दरवर्षी गावात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, तिथं राजेरजवाड्यांच्या तलवारी. आपल्या घरचं काय सापडणार?"

प्रश्न रास्त आहे. नागपूरचा अजब बंगला, म्हणजे 1863 सालचं मध्यवर्ती संग्रहालय, मीही शाळेच्या सहलीत पाहिलं. मूर्ती, नाणी, शस्त्रं. त्यात आपलं काही शोधायचं असतं, हे मनातही आलं नव्हतं.

ते आलं आजीमुळे. आर्वी तालुक्यातल्या आमच्या घराला गावात अजून 'घाण्याचं घर' म्हणतात. घाणा मात्र आम्हा भावंडांपैकी कुणीच पाहिला नव्हता. बाबांच्या दाखल्यावर वडिलांचा धंदा शेती. पहिल्या घाण्याची भजी काढतानाही तो शब्द कुठून आला, याचा विचार कधी केला नाही.

आठ-नऊ वर्षांपूर्वी आजीला डोळ्यांच्या ऑपरेशननंतर तपासणीला शहरात नेलं होतं. परतीच्या बसला दोन तास होते, ऊन मी म्हणत होतं. सावलीला म्हणून एका छोट्या संग्रहालयात शिरलो. कोपऱ्यात लाकडी घाणा उभा होता. पाटीवर 'तेलघाणी, लाकूड' एवढंच. आजीनं तो वरपासून खालपर्यंत न्याहाळला आणि म्हणाली, "लाट उलटी बसोली ना यायनं."

मग ती बोलतच राहिली. ही उखळ, तिच्यात फिरून बी चिरडते ती लाट. आतून लाकडाच्या फळ्यांचं अस्तर, झिजलं की सुतार बदलून देई. "मामाजी पायटे घाना जुपत. बैलाच्या डोळ्याले झापडं. जवस टाकलं का फिरता फिरता गरम पानी शिंपडा लागे, अंदाजानं. जास्त झालं का घाना बिघडला." तेल सुटलं की मागे राहिलेली ढेप जनावरांना. मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे पणजोबा. पन्नास-साठ वर्षांत हे शब्द तिनं आमच्यापुढे काढले नव्हते. समोर लाकूड आलं आणि ते एकामागून एक बाहेर पडले.

बैल ओढतो त्या आडव्या फळीवर वजन लागतं, तरच लाट दाबून फिरते. कुणी गोटे ठेवतात. आजीनं फळीकडे बोट केलं. "अन् इथं तुहा बाप बसे."

जत्रेत बाबा आम्हाला कधी चक्रीत घेऊन बसले नाहीत. पैसे हातावर ठेवायचे आणि पाठ करून उभे राहायचे. आम्हाला वाटायचं, रागावले. त्या रात्री मी विचारलं. बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "शाळेच्या आधी दोन घाणे व्हायचे. उतरलो तरी डोळ्यांपुढं गावच फिरायचं."

पुढच्या खेपेला मी त्या संग्रहालयाची नोंदवही पाहायला मागितली. प्रत्येक वस्तूला क्रमांक असतो, ती कधी आणि कुठून आली तेही लिहिलेलं असतं. ओळखीचं नाव निघेल या आशेनं मी पान उघडलं. घाणा शेजारच्या तालुक्यातला निघाला. देणाऱ्याचं नाव होतं, चालवणाऱ्याचं नव्हतं. आमचा घाणा आत्याच्या लग्नात चुलीत गेला होता. "तेल मुरलेलं लाकूड, भडभड जळलं," आजी म्हणाली. म्हणजे घरचा इतिहास मला दुसऱ्याच्या घाण्यात सापडला, आणि त्याचं मला जराही वाईट वाटलं नाही.

म्हणून सांगते, आडनाव धरून शोधू नका. गाव आणि धंदा धरून शोधा, आणि घरातलं म्हातारं माणूस सोबत न्या.

पणजोबा 'गांधीबाबाच्या घाण्यावर' शिकून आले, असं घरात म्हणत. आम्ही ते बढाईत काढलं होतं. पण 1934 साली वर्ध्यात गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. जमनालाल बजाजांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचं काम चाले. तिथेच झवेरभाई पटेलांनी घाणा सुधारला आणि तो 'वर्धा घाणी' म्हणून पुढे देशभर गेला. 1938 साली त्याच आवारात मगन संग्रहालय उभं राहिलं. पणजोबांचं नाव तिथल्या कुठल्या कागदात मला अजून सापडलेलं नाही. आमच्या गावापासून वर्धा बैलगाडीच्या वाटेवर आहे, एवढं मला पुरेसं आहे. शोध चालू आहे.

त्या छोट्या संग्रहालयाला मी पत्र लिहिलं, सोबत आजीचे शब्द. त्यांनी मनावर घेतलं. पाटीवर आता उखळ, लाट, झापडं आणि ढेप हे शब्द आहेत. आजी तोवर गेली होती. लाट सरळ बसवायला बाबा स्वतः गेले. परत आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला जुन्या तेलाचा वास येत होता, आणि आईनं तो तीन दिवस धुवायला टाकला नाही.