पगाराची शीट आणि लिंक

आज अख्खी दुपार ऑफिसच्या गुगल ड्राइव्हमध्ये गेली. बाहेर नागपूरचं ऊन, आत कूलरची घरघर, अन् मी एकेक फोल्डर उघडून कोणाला अ‍ॅक्सेस आहे ते बघत बसले. पगाराची शीट 'लिंक असलेल्या कोणालाही' खुली, तेही एडिटर म्हणून, म्हणजे कोणीही आकडे बदलू शकेल असं! काम सोडून गेलेल्या मुलाचा खासगी जीमेलही यादीत तसाच. पोटात गोळाच आला.

लिंक बंद केली, बहुतेकांना व्ह्यूअर केलं, म्हणजे नुसतं बघता येईल, बदलता नाही. एक दादा म्हणाले, "माझ्यावर भरवसा नाही का गं?" फार वाईट वाटलं. त्यांना शेजारी बसवून दाखवलं, की सेटिंग बदललं नसेल तर एडिटर पुढे आणखी कोणालाही अ‍ॅक्सेस देऊ शकतो. दादा क्षणभर गप्प. मग म्हणाले, "माझंही व्ह्यूअर कर."

उद्या ग्राहकांचे फोल्डर घेते.