दाराबाहेरचा ब्रदर

मी बीड जिल्ह्यातल्या एका सरकारी दवाखान्यात ब्रदर आहे, म्हणजे पुरुष नर्स. पुरुषांच्या वॉर्डात नाइट ड्युटी म्हटलं की दारूचे पेशंट आलेच. कुणी गाडीवरून पडलेला, कुणाचं पोट पाण्यानं फुगलेलं. पण आषाढीनंतर तिसऱ्या रात्री आलेला माणूस दारू पिऊन नव्हे, दारू सोडून आला होता.

एकादशीला त्यानं गावातल्या महाराजांच्या हातून तुळशीची माळ घातली आणि पंधरा वर्षांची रोजची दारू त्याच घटकेला बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. बाहेरचं झालंय म्हणून घरच्यांनी आधी देवऋषी गाठला, मग आम्हाला. त्यांना हसण्यात अर्थ नाही. रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली की दोन ते चार दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, त्यात जीवही जाऊ शकतो, हे शिकल्यासवरलेल्या घरांतही कुणाला ठाऊक नसतं.

डॉक्टरांनी लोराझेपाम हे शांत करणारं औषध लिहिलं, आणि ग्लुकोजच्या आधी थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व. तरी रात्री तीनला तो कॉटवर उठून बसला, चादर गोळा करून पिळायला लागला, हवेत गाठी मारायला लागला. ऊसतोडीचा माणूस. वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, मोळी बांधत होता.

"उचल की मोळी! गाडी भरायचीय," तो बायकोवर ओरडला.

हात बांधायला मी बँडेज घेऊन पुढं झालो, तर ताईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला थांबवलं. पदर खोचला, वाकली, न दिसणारी मोळी डोक्यावर घेतली आणि वॉर्डाच्या दारापर्यंत जाऊन टाकून आली. परत दुसरी. पाच-सहा खेपा झाल्यावर म्हणाली, "भरली गाडी. पड आता."

तो पडला. भ्रमाला दुजोरा देऊ नये, असं आम्हाला शिकवलेलं आहे. मी काही बोललो नाही.

आठवड्यात माणूस ताळ्यावर आला. डिस्चार्जच्या दिवशी ताईनं विचारलं, "भाऊ, इथं सलाईन हाय. घरी काय हाय? म्होरं पोळा हाय, मग दसरा झाला की मुकादम टोळी घेऊन निघंल. उचल तर घेऊन बसलोय."

वॉर्डाच्या भिंतीवर 14446 हा व्यसनमुक्तीचा टोल-फ्री नंबर आहे, तो मी लिहून दिला. तिनं कागद घडी करून कनवटीला लावला, पण हलली नाही. तिला नंबर नको होता, माणूस हवा होता.

मग मला एसटी स्टँडवरचा एक विटका कागद आठवला. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडलेल्या आणि सोडू पाहणाऱ्यांनी एकमेकांना धरून चालवलेली संघटना, खाली मोबाइल नंबर. रोज तिथूनच जातो, कधी थांबून वाचला नव्हता. चहाला गेलो तेव्हा नंबर उतरवून आणला आणि फोन लावला. मी पेशंटची हकीकत सांगायला लागलो, तर पलीकडचा माणूस मला तोडून म्हणाला, "त्यांच्याकडं द्या फोन. सोडायची त्यांना आहे ना?"

वीस मिनिटं हा नुसता "हां... हां..." करत होता. फोन परत देताना त्याचा चेहराच वेगळा.

"त्यालाबी मुंग्या दिसल्या व्हत्या."

मी पोटात सुई टोचू शकतो, शीर सापडत नसली तरी शोधतो. पण हे वाक्य माझ्याकडं नव्हतं.

गुरुवारी संध्याकाळी तिघं निघालो. एका शाळेची मागची खोली. दारात पांढऱ्या सदऱ्यातले एक काका उभे. मला विचारलं, "तुम्ही घेता का?"

"नाही, मी दवाखान्यातला ब्रदर..."

"मग बाहेर बसा. आज बंद मीटिंग आहे. खुली असंल तेव्हा या."

अकरा वर्षांच्या नोकरीत रुग्णासोबत आलो म्हणून मला कुणी दाराबाहेर ठेवलं नव्हतं. खरं सांगतो, थोडा राग आला. पायरीवर बसल्या बसल्या मोबाइलवर वाचलं, तेव्हा उतरला. 1935 साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले, दोघंही दारूनं पार गेलेले. त्या दोघांपासून हे सुरू झालं. सर्जन असून त्याला आत जागा मिळाली ती पिणारा म्हणून. सभासद व्हायला अट एकच, दारू सोडायची इच्छा. फी नाही.

आतून मोठ्यानं हसण्याचा आवाज आला. ताई दचकली. "हसायलेत की ओ. पिऊन तर न्हाईत ना?"

दीड तासानं तो बाहेर आला. पैशाची पिशवी फिरली तेव्हा दहाची नोट काढली, पण 'नवीन आहेस, राहू दे' म्हणाले. कारखान्यावर गेल्यावर काय, हेही त्यानं विचारलं होतं. काका म्हणाले, तिकडंही आपली माणसं आहेत, पोचलास की फोन कर. पण दसरा लांब आहे, आजचं आज बघ.

स्टँडवर गाडीची वाट बघताना तो माझ्याकडं वळला.

"फुडल्या गुरुवारी तुमी नका येऊ, भाऊ. उगं पायरीवर बसावं लागतंय तुमाला."