आमची वाटचाल : एका फटीपायी

इंग्लंडातल्या बर्टन अपॉन ट्रेंटमध्ये मराठी माणसाचं होमब्रूचं, म्हणजे घरी बिअर करायच्या सामानाचं, दुकान म्हटल्यावर पहिला प्रश्न ठरलेला: इंडिया पेल एल (इंडियाला जाणारी फिकट बिअर) का? नाही हो. त्याच्या आधी हेच गाव रशियाला जड, गोडसर एल पाठवायचं. 1822 च्या रशियन जकातीनं तो धंदा बसला, मग यांना इंडियाची आठवण झाली. आम्ही त्या जड एलवाले. रेसिपी बसवतो, माल्ट (मोड आणून वाळवलेले जव) भरडून पाकिटं करतो.

दुकान दोघांनी काढलं. गिरणी भागीदाराकडे, वही माझ्याकडे. पहिली वर्षं बरी गेली.

मग एका नोव्हेंबरात तक्रारी सुरू. आमचं स्ट्राँग एलचं पाकीट म्हणजे 20 लिटरला 9 किलो मारिस ऑटर (मूळ माल्ट), 300 ग्रॅम क्रिस्टल (रंगाचा, गोडसर माल्ट), 500 ग्रॅम इन्व्हर्ट साखर. रसातली साखर मोजणाऱ्या हायड्रोमीटरवर 1090 दिसायला हवं (साधं पाणी 1000). गिऱ्हाइकांना दिसत होतं 1068. भागीदार म्हणाला, रेसिपीच चुकलीय. तीन रात्री वही उलटीपालटी केली. हिशोब तोच.

शेवटी आमचं एक जुनं गिऱ्हाईक, लाकडी पिंपं बांधण्यात हयात घालवलेले आजोबा, बिस्किटाच्या डब्यात आमचाच भरडा घेऊन आले. काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं आणि नखानं एकेक अख्खा दाणा बाजूला काढू लागले. न भरडलेल्या दाण्यातली साखर पाण्यात उतरत नाही. तोंडातून शब्द नाही. ढीग वाढत गेला तसे माझे कान तापत गेले. गिरणीत फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) घातला, तर रोलरमधली फट 1.1 मिलिमीटरची 1.7 झालेली! स्क्रू ढिला. भागीदारानं महिनाभर मोजलंच नव्हतं.

पैसे परत केले, माल नव्यानं पाठवला, त्यापायी गाडी विकली. भागीदार तेवढ्यात बाहेर पडला आणि त्यानं ऑनलाइन दुकान थाटलं. त्याच्या स्ट्राँग एलमध्ये काय? 9 किलो, 300 ग्रॅम, 500 ग्रॅम. चुकलेली रेसिपी बरी चालली त्याला!

विषय निघालाच आहे तर सांगतो. जड एलला मॅशचा, म्हणजे भरडा गरम पाण्यात भिजवून मिळणाऱ्या साखरेचा, नेहमीचा 75 टक्के उतारा धरू नका, 60 धरा. यीस्ट दुप्पट टाका. आणि वर्षभर मुरलेली एल बाटलीत भरताना चिमूटभर ताजं यीस्ट घाला. जुनं थकलेलं असतं, गॅस धरत नाही. हे न ऐकणारेच पुढे आमच्या माल्टला नावं ठेवतात.

आजोबा अजून शनिवारी येतात. पाकीट फोडून मूठभर भरडा तळहातावर पसरतात, खिडकीपाशी नेऊन बघतात. त्यांची मान हलेपर्यंत मी पैसे घेत नाही.