जरा बाजूला

"काका, जरा बाजूला होता का? कमान कट होतेय." झालो. वर सॉरीही मीच म्हणालो. रात्रीचे साडेअकरा वाजले, अजून ते डोक्यातून जात नाहीये.

डेव्हिड ससून लायब्ररीत पुस्तक बदलून निघालो होतो. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून दारातल्या कमानीखाली थांबलो, एवढंच. फोटो काढणाऱ्या त्या मुलीचं काही चुकलं नाही. इमारत आता दिसतेच तशी. मधल्या काळात डोक्यावर काँक्रीटचा स्लॅब घालून ठेवला होता. तो काढून लाकडी कैच्यांचं उतरतं छप्पर पुन्हा चढवलं, २०२३ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला. फोटो काढणारच लोक.

पण मी इतक्या चटकन का सरकलो? हल्ली सगळीकडेच सरकतो. लोकलच्या दारातून, टीव्हीसमोरून, नीता ओट्याशी असली की तिथूनही. ऑफिसात तर... जाऊ दे.

१८४७ मध्ये ही लायब्ररीची संस्था काढली ती टांकसाळीतल्या आणि गोदीतल्या मेकॅनिक लोकांनी. यंत्रांचे नमुने बघायला, चार पुस्तकं वाचायला. तेलकट हातांच्या माणसांची जागा ही. त्यांना कुणी सरका म्हटलं असेल का? ससूनशेठने साठ हजार दिले, १८६४ मध्ये पुण्यात वारले आणि इमारत पुरी झाली १८७० मध्ये. स्वतःच्या नावाची इमारत बघायला मिळाली नाही बिचाऱ्यांना. आता दर्शनी भागावर त्यांचा पांढरा अर्धपुतळा आहे, प्रत्येकाच्या फोटोत आपसूक येतो.

वरच्या व्हरांड्यात मात्र कुणी कुणाला हलवत नाही. आज शेजारच्या आरामखुर्चीत एक गृहस्थ चपला खाली नीट जोडून ठेवून, छातीवर पेपर पालथा घालून घोरत होते. प्रत्येक श्वासाला शेअरबाजाराचं पान वर-खाली. खाली काळा घोडा भागातल्या गाड्यांचे हॉर्न चालूच. बाबा असेच झोपायचे.

आणि गंमत म्हणजे भिंतींचा तो पिवळट दगड मालाडचा. मीही मालाडचाच. तो दीडशे वर्षांपूर्वी खाणीतून निघून फोर्टात येऊन बसला, त्याचे फोटो निघतात. मी रोज ८:१२ पकडून येतो, आणि त्याच्याआड येतो म्हणून मला बाजूला करतात! गाववाल्यासाठी एवढं चालायचंच.

शनिवारी जरा लवकर जायला हवं. अकराच्या आत पोचलं तर पंख्याखालची खुर्ची मिळते.