गवताखाली सापडलेले अंगण

घर विकत घेताना आम्ही भिंती ठोकून पाहिल्या, छताला ओल आहे का ते तपासले आणि प्रत्येक नळ सोडून पाहिला. आवाराकडे मात्र कोणी नीट पाहिले नाही, कारण तिथे पाहण्यासारखे काही दिसतच नव्हते. फाटकापासून मागच्या कुंपणापर्यंत छातीएवढे रान माजले होते, वेलींनी कुंपण कधीच गिळून टाकले होते आणि मागच्या दाराला तर फांद्या इतक्या टेकल्या होत्या की ते आतून ढकलले तरी वीतभरच उघडत असे. विकणाऱ्यांनी "आवार थोडे वाढले आहे" एवढेच सांगितले होते आणि मीही दोन रविवार आणि भाड्याने आणलेले गवत कापण्याचे यंत्र एवढ्यात हे काम उरकेल, असा हिशेब मनात मांडून टाकला. प्रत्यक्षात सात महिने लागले. त्यातले पहिले दोन महिने तर मी स्वतःच वाढवून ठेवलेले काम निस्तरण्यात गेले.

पहिल्याच शनिवारी मी यंत्र खांद्याला अडकवले आणि फाटकापासून कापत सुटलो. संध्याकाळपर्यंत अर्धे आवार मोकळे झाले होते, आणि ते मोकळे मैदान पाहून मला जो अभिमान वाटला तो पुढे जेमतेम महिनाभर टिकला. मी जे कापले होते त्यात निम्म्याहून अधिक गाजर गवत होते आणि ते पांढऱ्या फुलांनी डवरलेले होते. या गवताचे एक चांगले वाढलेले झुडूप 15 ते 25 हजार बिया तयार करू शकते. यंत्राची नायलॉनची दोरी ते झुडूप कापत नाही, अक्षरशः उधळते, त्यामुळे एका कोपऱ्यात दाटलेले बी मी स्वतःच्या हाताने आवारभर सारखे पेरून ठेवले. पाऊस पडल्यावर दहा-बारा दिवसांत सगळीकडे कोथिंबिरीसारख्या कातर पानांची रोपे उगवली, तीही इतकी दाट की पाऊल ठेवायला जागा राहिली नाही. ही रोपे महिना-दीड महिन्यात पुन्हा फुलावर येतात, म्हणजे मला मिळालेली मुदत तेवढीच होती. मग दररोज सकाळी तासभर, ओल्या मातीतून एकेक रोप मुळासकट उपटण्याचा क्रम सुरू झाला. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा यांत कसूर करता येत नाही, कारण या गवतातल्या पार्थेनिन नावाच्या द्रव्याने अनेकांच्या त्वचेवर खाजरे चट्टे उठतात आणि परागांमुळे शिंका व दम्याचा त्रासही होतो. दोन दिवस मी हातमोज्यांचा आळस केला आणि त्याची किंमत मनगटांनी आठवडाभर चुकवली.

बी मातीत किती काळ तग धरून राहते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. विल्यम बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1879 साली मिशिगनमध्ये ओलसर वाळूत निरनिराळ्या वनस्पतींचे बी मिसळून 20 बाटल्या भरल्या आणि पाणी आत साचू नये म्हणून त्या तोंड खाली करून जमिनीत पुरल्या. ठरावीक वर्षांनी त्यांतली एकेक बाटली उकरून बी पेरून पाहण्याचा हा प्रयोग त्यांच्यानंतरच्या पिढ्यांनीही चालू ठेवला आहे, आणि 2021 साली, म्हणजे 142 वर्षांनंतर उकरलेल्या बाटलीतलेही काही बी उगवले. सगळ्याच तणांचे बी इतके चिवट नसते, हे खरे. तरीही पाच वर्षे बंद राहिलेल्या आवाराच्या मातीत काय साठले असेल याचा अंदाज यावरून बांधता येतो. पुष्कळ बारीक बियांना उगवण्यासाठी उजेडाचा स्पर्श लागतो, म्हणून सगळी जमीन एकदाच खोल खणून किंवा नांगरून टाकण्याचा सल्ला, जो मला निदान चार जणांनी दिला, मी शेवटी मानला नाही. खोल खणले की तळाशी निजलेले बी वर येते आणि पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यंत्राविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. उंच गवतात काय दडले आहे ते दिसत नाही आणि फिरणाऱ्या पात्याला वा दोरीला लागलेला खडा बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. काम चालू असताना इतरांनी निदान 15 मीटर दूर असावे, असे यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत लिहिलेले होते. मी ते वाचले होते आणि तरीही स्वतःच्याच खिडकीची काच फोडली. त्यानंतर मी शिस्तच लावून घेतली. आधी लांब काठीने गवत बडवत, पाय आपटत संपूर्ण पट्टा चालायचा, दिसेल ते उचलायचे आणि मगच कापायचे. या पायपिटीत फुटक्या बाटल्या, गंजलेल्या काटेरी तारेचे भेंडोळे, एक बिनचाकी सायकल आणि जमिनीलगतच्या टाकीचे तडा गेलेले झाकण सापडले. त्या झाकणावर मी पहिल्या शनिवारी नक्कीच एकदा तरी उभा राहिलो असणार. काठीने बडवण्याचा दुसरा उपयोग असा की साप आणि इतर जीवांना निघून जायला वेळ मिळतो. त्यासाठी कापायलाही एका बाजूने सुरुवात करावी आणि दुसरी बाजू मोकळी ठेवावी. चारही बाजूंनी कापत मध्याकडे सरकले की सगळे प्राणी मधल्या झाडोऱ्यात कोंडले जातात आणि शेवटी आपल्याच पायांतून वाट काढतात. कापलेल्या ढिगात थेट हात घालू नये, आधी दाताळ्याने तो उलथावा.

घाणेरीने मला सर्वांत जास्त दमवले. मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली ही वनस्पती शोभेची म्हणून जगभर नेली गेली आणि पाखरांनी तिची फळे खाऊन बी जिथे नेले तिथे ती ठाण मांडून बसली. मागच्या कुंपणाजवळ तिची सहा मोठी जाळी होती. त्यांतली पहिली दोन मी कोयत्याने जमिनीलगत छाटून टाकली आणि तीन आठवड्यांत प्रत्येक बुंध्यातून पूर्वीपेक्षा दुप्पट फुटवे आले. शेजारचे एक वयस्कर गृहस्थ कुंपणापलीकडून हा सगळा खटाटोप शांतपणे पाहत होते. शेवटी त्यांना राहवले नाही. "अहो, तुम्ही तिची हजामत करताय," ते म्हणाले. "छाटताना गुडघ्याएवढा खुंट ठेवा. तो हाताशी असला म्हणजे हलवता येतो. बुडखा बाहेर आला नाही तर ती मेली असे समजू नका." त्यांनी सांगितल्याप्रमाणे पुढच्या जाळ्या कापताना खुंट ठेवला, भोवतीची माती कुदळीने उकरली, पहार तिरकी घालून बुडख्याखाली रेटली आणि खुंट धरून मागे-पुढे हलवत राहिलो. आधी काहीच होत नाही, मग मातीत बारीक तडे पडतात, एकेक मूळ तटतट तुटल्याचा आवाज येतो आणि सगळा बुडखा अचानक सुटून आपल्याला पाठीवर पाडतो. जिथून फुटवे येतात ती मुळाच्या माथ्याची गाठ निघाली की खालची राहिलेली मुळे सहसा त्रास देत नाहीत. पहिल्या दोन जाळ्या, ज्यांचा मी खुंटच ठेवला नव्हता, त्या काढायला उरलेल्या चारांपेक्षा जास्त वेळ लागला.

लव्हाळ्याचे तसे नाही. त्याला ताकदीचा उपयोग होत नाही. पाते धरून ओढले की ते अलगद हातात येते आणि आपण फसतो, कारण खाली काळसर, बोराच्या बीएवढ्या गाठी तारेसारख्या बारीक मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि वरचे पाते तुटताच त्यांतली दुसरी गाठ कोंब धरते. एकदा मी खुरप्याने हळूहळू माती बाजूला करत अशी एक माळ शेवटपर्यंत उकरत गेलो, तर एका पात्यापासून सुरुवात करून अकरा गाठी हाती लागल्या आणि बारावी वीटकामाच्या खाली शिरलेली होती. हरळी दबावी म्हणून मी एका पट्ट्यावर काळे प्लॅस्टिक अंथरले होते. त्याखाली उजेड नसल्याने हरळी पिवळी पडून खरोखर मरत गेली, पण लव्हाळ्याचे सुईसारखे कोंब ते प्लॅस्टिक भोसकून वर आले. त्यांच्यापुढे मी अजून जिंकलेलो नाही. दर आठ दिवसांनी वर आलेले पाते कापत राहायचे, म्हणजे गाठींतला साठा हळूहळू संपतो, एवढाच तह सध्या आमच्यात आहे.

ज्या पट्ट्यात भाजीचे वाफे करायचे होते तिथे मात्र वेगळा उपाय केला. जमीन सपाट करून तिला भरपूर पाणी दिले, त्यावर पातळ पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवले, कडा मातीत पुरल्या आणि वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाचे सहा आठवडे ते तसेच ठेवले. प्लॅस्टिक पारदर्शकच हवे, कारण ऊन त्यातून आत शिरून माती तापवते आणि काळ्यामध्ये बराचसा ताप वरच्या वर राहतो. ओल्या मातीत उष्णता खोलवर पोचते आणि वरच्या काही सेंटिमीटरमधले पुष्कळसे बी शिजून जाते. तणनाशकाचा सल्लाही अनेकांनी दिला. ग्लायफोसेट पानांतून मुळांपर्यंत उतरते, त्यामुळे ते हरळीवर चालते हे खरे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2015 साली त्याला बहुधा कर्करोगकारक असलेल्या द्रव्यांच्या गटात घातले, अनेक देशांच्या नियामक संस्थांनी वेगळा निष्कर्ष काढला, आणि या वादात मला पडायचे नव्हते. माझे कारण साधे होते. त्या झाडोऱ्यात काय राखायचे आहे हे मला अजून कळलेले नव्हते, आणि फवारा ओळख पटेपर्यंत थांबत नाही.

कापलेल्या पाल्याचे काय करायचे, हा प्रश्न कापण्याइतकाच मोठा निघाला. पेटवून देण्याची कल्पना मी लगेच सोडली, कारण ओल्या पाल्याचा धूर सगळ्यांच्या घरात शिरतो आणि झाडोऱ्यात एखादी विषारी वनस्पती असली तर तिचा धूर फुप्फुसांना बाधतो. ज्याला बी धरलेले नव्हते ते सर्व खताच्या ढिगात गेले. ढीग निदान एक मीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच उंच असला की मध्यभागी ऊब धरतो. हिरव्या पाल्याच्या थरांमध्ये वाळलेली पाने घालत गेलो आणि पाचव्या दिवशी आत खुपसलेली लोखंडी सळई हातात धरवत नव्हती. बियांचे गवत आणि लव्हाळ्याच्या गाठी मात्र मी ढिगात घातल्या नाहीत. ढिगाच्या कडा गार राहतात आणि तिथे गाठी निवांत जगतात. त्या काळ्या पिशव्यांत बांधून उन्हात फरशीवर ठेवल्या.

या सगळ्यात एक गुन्हा माझ्या हातून थोडक्यात टळला. खिडकीखालचे एक खुरटे, वेलींनी करकचून आवळलेले झुडूप मी काढायलाच निघालो होतो, कोयता उचलला होता, पण पान ओळखीचे वाटले म्हणून वेली सोडवून पाहिल्या तर तो जुना मोगरा होता. त्याचे खोड माझ्या मनगटाएवढे जाड झालेले होते. त्या दिवसापासून मी लाल चिंध्यांचा एक गठ्ठा खिशात ठेवू लागलो आणि ज्याची ओळख पटत नाही त्याला चिंधी बांधून पुढे जाऊ लागलो. चिंध्या बांधलेल्या चौदा झाडांपैकी नऊ पुढे काढली, पाच ठेवली. कुंपणावरच्या वेलीला चिंधी बांधली त्याच दिवशी कळले की ती शेजाऱ्यांची आहे आणि तिची मुळे हद्दीच्या पलीकडे आहेत. हद्दीच्या खुणा शोधण्याचे काम सर्वांत आधी करायला हवे होते ते असे सर्वांत शेवटी झाले.

हरळीचा जाड थर गोधडीसारखा गुंडाळत नेताना फाटकाजवळ तिरक्या उभ्या विटांची एक कड लागली. तिच्या मागोमाग दोन दिवस खरवडत गेलो तेव्हा फाटकापासून मागच्या दारापर्यंत जाणारी, मध्ये हलकेच वळण घेणारी पायवाट निघाली. मी मनात आखलेली वाट सरळ होती. ती रद्द केली. पुढच्या पावसानंतर आठवड्याने या विटांच्या कडेने, जिथे मी महिनाभर बूट आपटत फिरलो होतो तिथे, गुलाबी पावसाळी लिली उगवून आल्या. एकेका वितीच्या अंतराने, वळणाबरोबर वळत गेलेली त्यांची रांग पाहिल्यावर कोणीतरी दोरी न धरता, पण मन लावून ते कंद लावले असणार हे उघड होते. रांग मोजत मी मागच्या दारापर्यंत गेलो. शेवटच्या तीन-चार कंदांची जागा खताच्या ढिगाखाली आली होती. रविवारी ढीग चार फूट बाजूला सरकवला.