हँडलमधले जादा स्क्रू

नेरळला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. २०१३ च्या गणपतीत न्यू जर्सीचा मामेभाऊ आला आणि त्याने एक खोका माझ्या टेबलावर ठेवला. आत नऊ लॅपटॉप होते. पांढरे-हिरवे, डब्यासारखे, धरायला हँडल आणि दोन्ही अंगांना सशासारखे उभे राहणारे कान. "दादा, तुझ्याकडच्या एखाद्या शाळेला दे. कुणाला लागत नाहीत आता."

मी त्यांच्याबद्दल वाचलेलं होतं, हातात मात्र पहिल्यांदाच घेत होतो. एमआयटीच्या निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेला तो 'शंभर डॉलरचा लॅपटॉप', प्रत्येक मुलाला एक. प्रत्यक्षात २००७ मध्ये कारखान्यातून बाहेर पडेपर्यंत किंमत १८८ डॉलरच्या आसपास गेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात अमेरिकेत योजना निघाली: ३९९ डॉलर भरा, एक यंत्र गरीब देशातल्या मुलाला जाईल आणि एक तुमच्या घरी येईल. तिकडच्या मराठी घरांनीही हौसेने घेतले. पोरं मोठी झाली, यंत्रं कपाटात गेली. भावाने तीच गोळा करून आणली होती.

दिवाळीपर्यंत मी रोज रात्री शटर ओढल्यावर एकेक उघडून बघत बसायचो. वीस वर्षांच्या धंद्यात इतकं विचारपूर्वक बांधलेलं यंत्र माझ्या हातात आलं नव्हतं. आत पंखा नाही, हार्ड डिस्क नाही, म्हणजे फिरणारं आणि पडल्यावर मरणारं काहीच नाही. कीबोर्ड अखंड रबराचा, वरून पाणी सांडलं तरी आत उतरत नाही. कान मिटले की यूएसबीची भोकं झाकली जातात. साडेसात इंची पडद्याचा मागचा दिवा बंद केला की तो काळा-पांढरा होतो आणि भर उन्हात छापील कागदासारखा वाचता येतो. चार्जिंगला ११ ते १८ व्होल्ट काहीही चालतं, म्हणजे गाडीची बॅटरी थेट जोडा. आणि हँडलच्या पोटात जादा स्क्रू ठेवलेले. कुणीतरी, कुठल्यातरी टेबलावर बसून, विचार केला होता की हे यंत्र अशा ठिकाणी जाईल जिथे हरवलेला स्क्रू बाजारात मिळणार नाही. ते स्क्रू पहिल्यांदा दिसले तेव्हा मी बायकोला हाक मारून दाखवले.

नऊपैकी सात चालू झाले. दोन मी सुट्या भागांसाठी ठेवले.

शाळा कातकरी वाडीवरची, चौथीपर्यंतची, एकोणीस मुलं. गुरुजी माझ्या ओळखीचे. आमच्याच रायगड जिल्ह्यात खैराट-धनगरवाड्याच्या एकशिक्षकी शाळेत २००७ मध्ये बावीस मुलांना हेच लॅपटॉप मिळाले होते, ते त्यांना ठाऊक होतं. त्याच्या आदल्याच वर्षी केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना आपल्याला नको म्हणून कळवलेलं होतं, तरी त्या शाळेत ते आले. गुरुजींना तेव्हापासून वाटत होतं की आपल्या वाडीवरही असं काही यावं. फक्त त्यांच्या शाळेचा मीटर थकलेल्या बिलापायी जूनपासून कापलेला होता.

नोव्हेंबरच्या शेवटी, शाळा नुकती उघडली असताना, मी मिनीडोर भाड्याने केली आणि गेलो. मिनीडोरच का, तर मला तिची बॅटरी हवी होती. ड्रायव्हरला ते वाटेत सांगितलं. तो आधी नाही म्हणाला. मग मी हिशोब मांडला: हे यंत्र चालताना पाच-सहा वॅट खातं, तुझा पुढचा एक दिवा पन्नास-साठ वॅटचा आहे. "मग संध्याकाळी गाडी उठंल ना?" उठेल म्हणालो. पडवीत बॅटरी ठेवली, घरून जोडून आणलेल्या सात पिना लावल्या, आणि सातही यंत्रांचे छोटे दिवे पिवळे झाले. मुलं गप्प झाली. नंतर जो गलका झाला तो आवरायला गुरुजींना छडीने टेबल वाजवावं लागलं.

पहिला तासभर फोटो. कॅमेरा सापडल्यावर कुणाला दुसरं काही नको होतं. शेळी, हापसा, गुरुजींची चप्पल, एकमेकांचे दात. एक पोरगा यंत्र घेऊन उन्हात पळाला, मी ओरडणार तोच तो तिथून ओरडला, "उन्हात बी दिसतंय!" आणि सगळे अंगणात गेले.

मराठी टाइप करायला मी कळांवर मेडिकलमधली कागदी पट्टी चिकटवून पेनाने अक्षरं काढली होती. इनस्क्रिप्टची, म्हणजे मराठी टायपिंगच्या कळांची, मांडणी मी मुलांना कधीच शिकवली नव्हती, म्हणून सुरुवात कशी करावी याचा विचार करत होतो. चौथीतली एक मुलगी थोडा वेळ नुसती कळांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सर, ह्या हाताला काना-मात्रा हायत, ह्या हाताला अक्षरं." तेच तर त्या मांडणीचं मर्म. माझ्या दुकानात टायपिंग शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांना ते आठवडाभरात दिसत नाही. तिने उजव्या हाताने क दाबला, डाव्याने काना, आणि 'का' उमटल्यावर ती हसली नाही, लगेच 'की'कडे वळली. बाराखडी तिने अशी हातात घेतली.

दुपारी एका यंत्राची कंट्रोलची कळ दाबल्यासारखीच अडकली. या जातीच्या पहिल्या यंत्रांचा तो ठरलेला आजार. मी पडवीत गोधडी अंथरली, बॅटरी काढली, खालचे स्क्रू सोडले, कीबोर्ड उचलला, जोड पुसून परत बसवला. मुलं भोवती. बंद करताना एक स्क्रू बोटांतून निसटला, सारवलेल्या जमिनीवरून घरंगळत गेला आणि दिसेना. एकोणीस डोकी जमिनीला लागली. मी म्हटलं, राहू द्या, हँडलमध्ये जादा आहेत. ती मुलगी उठून बसली. "आमच्यासाठी ठेवल्यात?" मी हो म्हणालो. दुसरं काय उत्तर असणार, तिच्यासाठीच ठेवलेले होते ते.

नंतर दुसऱ्या यंत्राची कळ अडकली तेव्हा मी स्टार स्क्रूड्रायव्हर तिच्या हातात दिला आणि हात मागे घेतला. तिने काढलेले स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने गोधडीच्या एकेका चौकटीत ठेवले. हे मी तिला सांगितलं नव्हतं. माझ्याकडे कामाला येणाऱ्या पोरांना ते सांगून माझा घसा बसतो. नायजेरियात अबुजाजवळच्या गलादिमाच्या शाळेत मुलांनीच या यंत्रांचं 'हॉस्पिटल' चालवलं होतं, असं मी वाचलं होतं. वाचताना ते मला देणगीदारांना सांगायची गोष्ट वाटली होती. त्या दुपारी वाटली नाही.

शाळा सुटायच्या वेळी तिचा बाप आला. पोरीला न्यायला नाही, गुरुजींना सांगायला. उद्या पहाटे ट्रक येणार, पनवेलच्या बाजूच्या वीटभट्टीवर जायचं, घरातले सगळे. दिवाळीनंतर अर्धी वाडी अशीच रिकामी होते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते, आणि ती विटा पाडून फेडायची असते. गुरुजींनी पोरीला आजीजवळ ठेवण्याबद्दल पुन्हा विचारलं. आजीला दिसत नव्हतं, आणि भट्टीवर धाकट्याला सांभाळायला ती लागणार होती.

मुलगी यंत्र मांडीवर घेऊन बसली होती. कान मिटून ठेवले होते.

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे सात आता डेडस्टॉक रजिस्टरला चढवायचे. एकदा चढले की कपाटात. एखादा हरवला तर वसुली माझ्याकडून." त्यांना दोष देणं सोपं आहे, मी देणार नाही. एकट्याने चार वर्ग शिकवणारा माणूस, खिचडीच्या तांदळापासून खडूपर्यंत सगळ्याचा जाब त्याला. आमच्या भागात शाळांना आलेले संगणक मी दुरुस्तीला म्हणून उघडले आहेत, आणि त्यांतल्या कितीतरींवर कारखान्याची प्लास्टिकची पापुद्री तशीच असते. ते वापराने नाही, कुलपात दमटीने गेलेले असतात.

पण या यंत्राची मांडणीच वेगळी आहे. ज्यांनी ते बनवलं त्यांच्या पाच तत्त्वांतलं पहिलंच हे की यंत्र मुलाच्या मालकीचं, ते त्याने घरी न्यायचं. किंमत खाली आणायची सगळी धडपड त्यासाठी, हँडल त्यासाठी, रबरी कीबोर्ड त्यासाठी. उरुग्वेने २००९ पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला ते दिलं. पेरूनेही लाखोंनी वाटले, आणि २०१२ मध्ये तिथला अभ्यास आला की गणित-भाषेच्या गुणांत फरक दिसला नाही. तो अभ्यास मी नाकारत नाही. यंत्र वाटलं की शिक्षण आपोआप होतं, असं मला कधीच वाटलं नाही. पण कुलपातल्या यंत्राने काय होतं ते मी रोज दुकानात बघतो.

हे सगळं मी गुरुजींना म्हटलं, बहुतेक जरा मोठ्याने. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी विचारलं, "रजिस्टरला अजून चढलेत का?" नव्हते चढले. देणगीचं पत्रही माझ्या खिशात होतं आणि त्यावर आकडा घालायची जागा कोरी होती. गुरुजींनी ते घेतलं, सहा लिहिलं आणि सही केली.

बाप मात्र घाबरला. "हारवलं तर आमी कुठनं भरू?" मी म्हणालो, दादा, हे पोरीचं आहे, भरायचं कुणाला? त्याला ते पटायला वेळ लागला. आयुष्यात त्याच्या हातात आलेली प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी वहीत लिहिलेली होती. शेवटी त्याने ते फडक्यात बांधायला मागितलं. मी पिन आणि चिमटे लावलेली वायर दिली, ट्रॅक्टरच्या बॅटरीला कशी लावायची ते तिला दोनदा करायला लावलं, लाल कुठे, काळी कुठे. आणि तो स्टार स्क्रूड्रायव्हर दिला. मिनीडोर संध्याकाळी पहिल्या किल्लीला उठली.

जूनमध्ये पाऊस लागल्यावर बाप-लेक दुकानात आले. यंत्राचा हिरवा रंग विटकरी झाला होता. मी उघडलं तर आत बोटभर जागेतही लाल माती, आणि कीबोर्डचा जोड मात्र स्वच्छ पुसलेला. हँडलमध्ये एकही जादा स्क्रू नव्हता. "चार येळा खोललं," ती म्हणाली.

पडदा लागला. लिहायच्या प्रोग्राममध्ये एकच मोठी फाइल होती. तारीख, आणि पुढे आकडा. ७५०. ९००. ६२०, आणि त्यापुढे 'आईला ताप'. एक दिवस नुसता 'पाऊस'. नोव्हेंबरच्या शेवटापासून मेपर्यंत, मधले थोडे दिवस सोडले तर रोजचा. भट्टीवर मजुरी हजार विटांमागे ठरते आणि किती झाल्या ते मुनीम आपल्या वहीत लिहितो. बापाला वाचता येत नाही. पोरगी रात्री दोनला त्यांच्यासोबत उठायची, सकाळी थापलेल्या रांगा मोजायची आणि लिहायची.

"मुनीम म्हनतो उचल फिटली नाय," बाप म्हणाला. "ह्याच्यातलं कागदावर काढून देशील का?"

मी प्रिंटर लावला. तीन पानं झाली. खाली बेरीज नव्हती, ती तिने तिथेच माझ्या काउंटरवर बसून केली, आधी यंत्रावर आणि मग पेनाने कागदावर, दोन्ही जुळेपर्यंत. बापाने पानं घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी सदऱ्याच्या आत. मी सुट्या भागांसाठी ठेवलेल्या दोन यंत्रांतलं एक काढलं, त्याच्या हँडलमधले स्क्रू तिच्या हँडलमध्ये घातले आणि झाकण लावायला तिच्याकडे दिलं.